मधली फळी

"तुझ्या बाबांना सांग, स्वयंपाकघरात अन्न शिजवतात, विजारी नाही," आई शेगडीकडे तोंड करून म्हणाली.

बाबा शेगडीपासून सहा पावलांवर, खिडकीखाली, शिवणयंत्रावर वाकून बसले होते. त्यांचे कान चांगले शाबूत होते. गिऱ्हाईक जिन्यात शिंकलं तरी ते कुठलं हे त्यांना कळायचं. पण त्यांनी मान वर केली नाही. रीतसर निरोप येईपर्यंत आपण काही ऐकलेलंच नाही, अशा चेहऱ्यानं ते थांबून राहिले.

मधली त्या दोघांच्या बरोबर मधे, दाराच्या चौकटीत खुर्ची टाकून बसली होती. उजवा पाय स्टुलावर आणि गुडघ्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी. तिनं निरोप घेतला, जरा वळवला आणि पुढे दिला. "बाबा, आई विचारतेय, अजून किती वेळ लागेल."

"तिला सांग, विजारीला पाय दोन असतात. एक झालाय."

"आई, निम्मं काम झालंय."

"निम्मं गेले तीन महिने ऐकतेय. आणि म्हणावं, काल कांदा चिरताना मला निळा दोरा सापडला. कांद्यात. कांद्याला शिवण घालायची वेळ अजून या घरावर आलेली नाही."

"बाबा, निळं रीळ जरा जपून ठेवा म्हणतेय."

"आणि ते मटार दे इकडे. शिजवायचेत."

हे मात्र मधलीसाठीच होतं. मटार गेले तीन महिने तिच्या गुडघ्यावर गोठत, वितळत आणि पुन्हा गोठत आले होते. ते कुणी खाऊ नयेत असं तिला मनापासून वाटत होतं.

भांडण यंत्राचं होतं. बाबांचं शिलाईचं दुकान म्हणजे घराची बाहेरची खोली. समोरच्या घरावर आणखी दोन मजले चढले आणि बाबांचा उजेड गेला. म्हणून त्यांनी कुणाला न विचारता यंत्र स्वयंपाकघराच्या खिडकीशी आणलं, हे आईचं म्हणणं. आपण विचारलं होतं पण ऐकणारीनं मिक्सर चालू ठेवला होता, हे बाबांचं म्हणणं. मधली दोन वर्षांनी घरी आली, तीही गुडघ्याचं ऑपरेशन करून, आणि त्याच आठवड्यात हे सुरू झालं आणि तेव्हापासून दोघांनी एकमेकांशी एक शब्दही थेट बोललेला तिनं ऐकला नव्हता. सगळं तिच्यामार्फत.

तसं हे नवीन नव्हतं. तीन बहिणींत ती मधली, म्हणून तिचं नावच मधली पडलं. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, तिथंच राहिलं. घरात तिघींचं मिळून एक कपाट. वरची फळी थोरलीची, खालची धाकटीची आणि मधली मधलीची. वरची फळी हाताला लागत नसे, खालचीसाठी वाकावं लागे, त्यामुळे जाता-येता ज्याच्या हातात जे असेल ते तो मधल्या फळीवर टाकून जाई. चष्मा, मोजपट्टी, अर्धी पेन्सिल, कुणाचा तरी एक मोजा. मग ते ज्याचं त्याला नेऊन द्यायचं काम आपोआपच मधलीचं.

निरोपांचंही तसंच. थोरली आणि धाकटी तीनशेपासष्टपैकी दोनशे दिवस एकमेकींशी अबोला धरून असायच्या आणि आई-बाबा उरलेले दिवस भरून काढायचे. मधली आठ वर्षांची होईतो पटाईत झाली होती. आलेला निरोप तसाच्या तसा पुढे ढकलायचा नसतो. आधी बघायचं, समोरचा कसा उभा आहे, त्याच्या हातात काय आहे, आणि मग त्याला झेपेल अशा बेतानं द्यायचा. कधी कधी तर द्यायचाच नसतो, मागे फिरवायचा असतो. "आईला विचार, मी या घरात कोण आहे" असा निरोप आला, तर "आई, बाबांना चहा हवाय" म्हणून मोकळं व्हायचं.

शाळेत मुलींची फुटबॉलची टीम करायची ठरली, तेव्हा दहाच मुली जमल्या. बाईंनी अकरावी म्हणून हिला मैदानाजवळून जाताना पकडलं आणि कुठे उभी राहशील, असं विचारलं. ती सवयीनं म्हणाली, "मधे." पुढच्या पावणेदोन दशकांत तिनं जागा बदलली नाही.

तिच्या खेळाबद्दल घरात फारसं कुणाला काही कळलं नाही, कारण दिसायला तो खेळ काहीच नव्हता. चेंडू तिच्याकडे यायचा आणि लगेच जायचा. टीव्हीवर सामना लागला की आई हातातलं काम टाकून समोर बसायची, आणि मुलगी दिसायच्या आत कॅमेरा चेंडूच्या मागे निघून जायचा. आई चिडायची. फोन करून सांगायची, आलं की देऊन टाकतेस, आलं की देऊन टाकतेस, लहानपणी खेळणीसुद्धा अशीच वाटून टाकलीस, जरा दोन मिनिटं स्वतःजवळ ठेवायला काय होतं. शेजारीण विचारायची, तुमची मुलगी गोल करते की अडवते. आई म्हणायची, ती मधल्या फळीत असते. शेजारणीच्या डोळ्यांपुढे काय यायचं कोण जाणे, पण आईच्या डोळ्यांपुढे कपाट यायचं.

व्यावसायिक क्लबात ती गेली तीही बाबांच्या एका चुकीमुळे. गावच्या टीमच्या अकरा जर्सी बाबांनीच शिवल्या होत्या. आकडे निराळे कापून वरून टाचायचे होते. मधलीचा नंबर सहा. बाबांनी बाकी सगळे आकडे नीट लावले आणि पोटच्या मुलीचा सहा उलटा लावला. टीममध्ये दोन नऊ झाल्या. खरी नऊ म्हणजे खाटकाची मुलगी. तिला सगळे तोफ म्हणत, आणि गोल सगळे तीच करायची. सामन्यात समोरच्या पोरींनी मधलीला दुसरी तोफ समजून तिच्या मागे दोन धिप्पाड मुली लावल्या. मधली त्या दोघींना घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात फिरायला निघून गेली आणि तोफेनं मोकळ्या जागेतून चार गोल केले.

महिनाभरानं मोठ्या शहरातल्या क्लबचं पत्र आलं. पाकिटावर एवढंच: नऊ नंबरच्या खेळाडूस. मधलीनं ते उघडलंसुद्धा नाही. दुसऱ्याचं ते दुसऱ्याला, या हिशेबानं ती थेट खाटकाच्या दुकानात गेली आणि पत्र तोफेच्या हातात दिलं. तोफेनं सुरा बाजूला ठेवून ते वाचलं आणि परत तिच्या हातात ठेवलं. "यात लिहिलंय, एकही गोल केला नाही पण तिला सगळं मैदान दिसतं. ही मी कशी असेन? मला गोल सोडून काही दिसत नाही."

बाबा आजतागायत सांगत आले की मुलीला क्लबात त्यांनी लावलं. खोटंही म्हणता येत नाही.

अकरा हंगाम ती खेळली. होस्टेलची खोली, सकाळी सहाचा सराव, दोरीवर वाळणारे मोजे, बसमधली झोप. गोल केला एकूण एक, आणि त्या गोलाची हकिकत क्लबात नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगितली जायची.

मधली घर सोडून गेली म्हणून घरातले निरोप थांबले नव्हते. ते फोनवर आले. आई स्वयंपाकघरातून तिला फोन करायची आणि सांगायची, बाहेरच्या खोलीत तुझ्या बाबांना सांग, दार वाजतंय. मग मधली शेकडो मैलांवरून बाबांना फोन करून दार उघडायला लावायची. सामन्याच्या वेळी खेळाडूंचे फोन बंद असत, पण आईनं कुठूनसा टीमच्या मालिशवाल्या बाईंचा नंबर मिळवला होता. एकदा सामना ऐन रंगात असताना बाई मैदानाच्या कडेला धावत आल्या आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडल्या, "बाबांना सांग, टाकी भरली."

समोरच्या टीमनं ऐकलं. टाकी भरली, हा काही तरी गुप्त डाव आहे, असं त्यांच्या कॅप्टनला वाटलं. तिनं सगळ्यांना हात करून मागे बोलावलं. मधली बिचारी बाबांना आता कसं कळवायचं या विचारात मैदानाकडे पाठ करून उभी होती. तेवढ्यात कुणीतरी मारलेला चेंडू सणसणत आला, तिच्या पाठीवर आदळला आणि जाळ्यात गेला. पेपरात फोटो आला. त्यात डाव्या कडेला एक कोपर दिसतं, ते तिचं. बाबांनी तो फोटो चौकटीत घालून दुकानात लावला. गिऱ्हाइकाचं माप घेताना ते अजूनही मोजपट्टीच्या टोकानं ते कोपर दाखवतात.

टाकी इथे वाहून गेली, खालच्या मजल्यावरची बाई चार दिवस बोलली नाही. पण पुढच्या सामन्यापासून कोचबाईंनी "टाकी भरली" हा खराच डाव करून टाकला.

त्याच कोचबाईंचा आज सकाळी फोन आला होता. गुडघा बरा आहे असं डॉक्टरांचं पत्र त्यांना मिळालं होतं. एक हंगाम अजून खेळतेस का, असं त्यांनी विचारलं. तेहतीस वय झालं, पळायला पोरी आहेत, पण त्या सगळ्या पुढेच पळतात, मधे कुणीतरी शहाणं लागतं. "आज पाचपर्यंत हो किंवा नाही कळव. नाही म्हणालीस तर मला दुसरी बघायला हवी. आणि ती आली तरी टाकी भरली असं मी ओरडायचं कुणाला, ते सांग."

मधलीला हो म्हणायचं होतं. किती म्हणायचं होतं ते तिचं तिला माहीत. स्टुलावरच्या पायाची बोटं सकाळपासून आपोआप हलत होती. पण हो म्हणायचं तर जावं लागणार, आणि ती गेली की हे घर कसं चालणार. फोनवर टाकी, दार, गॅस एवढं निभतं. पण तीन महिने तिनं समोर बसून जे पाहिलं होतं, ते फोनवर सावरण्यापलीकडचं होतं. ही दोन माणसं शेगडी आणि खिडकी यांच्यामधे एक शब्द न बोलता वाळून जातील. ती बातमी तोंडातून काढायला म्हणून दोनदा "मला एक सांगायचंय" म्हणाली. पहिल्यांदा आई म्हणाली, ते राहू दे, तुझ्या बाबांना सांग. दुसऱ्यांदा बाबा म्हणाले, मग आधी तुझ्या आईला सांग.

बाकीच्यांनी तिच्या मुक्कामाची सोय लावलीच होती. थोरली दोन गल्ल्या सोडून राहायची आणि शाळेत शिकवायची. तिच्या शाळेत खेळाच्या बाईंची जागा रिकामी होती आणि चार वाजता ती अर्ज घेऊन येणार होती. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या धाकटीनं नऊ दिवसांपूर्वी केस कानापर्यंत कापून घेतले होते आणि "आईला तू सांग" म्हणून नऊ दिवस घरात डोक्याला रुमाल बांधून फिरत होती. आईला वाटत होतं, हिला सर्दी झालीय.

दुपारी दोनला मधली शेवटच्या व्यायामासाठी गेली. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी गुडघा वाकवून, फिरवून, दाबून पाहिला आणि दहा मिनिटांत तिला हाकललं. पुन्हा येऊ नकोस, म्हणाल्या, माझ्यापेक्षा तुझा गुडघा चांगला आहे.

त्यामुळे ती नेहमीपेक्षा तासभर आधी परतली. पायात कापडी बूट, जिन्यात आवाज नाही. स्वयंपाकघराची जाळी जिन्याच्या वळणावर उघडायची. वळणावर पोचायच्या आत तिला बोलणं ऐकू आलं.

"अहो, ती कात्री द्या इकडे. दुधाची पिशवी कापायचीय."

"ती कंगोऱ्याची आहे."

"असू दे. दुधाला काय कळतंय."

आणि दोघं हसली. मधलीचा एक पाय वरच्या पायरीवर तसाच राहिला.

"सकाळी कांद्यातल्या दोऱ्याचं छान काढलंस," बाबा म्हणाले.

"मीच घातला होता. दाखवायला काहीतरी नको? पण आता यंत्रावर फार दिवस निघायचे नाहीत हो. तिला संशय येईल. दीड वर्षापूर्वी मीच ढकलत आणलं ना ते, तुम्ही बाहेर एकटे तोंड शिवून बसायचात म्हणून."

"मग नळावरून भांडू."

"नळाचं मागच्या वर्षी फोनवर झालं."

यंत्र थोडं चाललं आणि थांबलं. "नुसती बसवून ठेवली तर पोरीला वाटेल, आपला आता कुणाला उपयोग नाही. त्यात तो गुडघा," बाबा म्हणाले.

"ते खरंय. पण मला रोज एवढं भांडायला होत नाही. घसा बसतो. तुमचं बरंय, तुम्हाला नुसतं खाली बघायचं असतं. इथं मला वाक्यं सुचावी लागतात." मग जरा थांबून आई म्हणाली, "फोनवरचं मात्र मला आवडायचं. नुसतं कशी आहेस विचारायला फोन केला की ही दोन मिनिटांत ठेवायची. टाकी म्हटलं की चांगली वीस मिनिटं बोलायची."

मधलीला आधी राग आला. अकरा वर्षं. मालिशवाल्या बाई. खालच्या मजल्यावरच्या बाईचं छत. मग तिला हसू आलं, ते तिनं बाहीत दाबलं, आणि दाबताना नाकातून काहीतरी भलतंच पाणी आलं. ती एक मजला खाली उतरली आणि बूट आपटत, खोकत, कठड्यावर हात मारत पुन्हा वर आली.

"तुझ्या बाबांना सांग," आई शेगडीकडे तोंड करून म्हणाली, "कात्री जागेवर ठेवायला."

बाबा खाली बघत होते. ओट्यावर दुधाची पिशवी होती, तिच्या कोपऱ्याला सुरेख कंगोरे होते. मधलीनं वाकून यंत्राखाली पाहिलं. जमिनीवरच्या मेणकापडात यंत्राच्या चारी पायांचे खड्डे पडले होते, चांगले खोल. तीन महिन्यांत असे खड्डे पडत नाहीत. ती आतल्या खोलीत गेली आणि कपाट उघडलं.

मधल्या फळीवर तिचं म्हणून जे होतं ते तसंच होतं. शाळेचा दाखला, उलट्या सहाची जर्सी, एक मोजा. घडीच्या वर-खाली धूळ नव्हती. बाबांची रिळं खालच्या फळीवर धाकटीच्या कपड्यांत कोंबलेली, वरच्या फळीवर डब्यांच्या मागे खोचलेली, आणि उरलेली स्वयंपाकघरात खिडकीच्या कट्ट्यावर. पण मधल्या फळीवर एक रीळ नव्हतं. ज्या फळीवर सगळं घर लहानपणी वाटेल ते टाकून जायचं, तिथं अकरा वर्षं कुणी काही ठेवलं नव्हतं.

तिनं तिन्ही वस्तू काढून पिशवीत भरल्या.

चारला थोरली अर्ज घेऊन आली. मग धाकटी रुमाल बांधून आली. मधली सवयीनं गुडघ्यावर मटार ठेवून आपल्या चौकटीतल्या खुर्चीत बसली होती आणि दोन मिनिटांत स्वयंपाकघरात मैदानासारखी गर्दी झाली. थोरली म्हणाली, धाकटीला सांग, जरा सरक, आणि इथे सही कर. धाकटी डोळ्यांनी मधलीला आईकडे खुणावत होती. आईचं म्हणणं, बाबांना सांगावं की चहा ठेवलाय. बाबांचं म्हणणं, आईला विचारावं की साखर घातली का. चारी बाजूंनी सगळं तिच्याकडे आलं.

पाचला दहा मिनिटं कमी होती. मधलीनं गुडघ्यावरची मटारची पिशवी उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मधलीनं सगळ्यांसमोर कोचबाईंना फोन लावला, "हो" एवढंच म्हणाली आणि ठेवला. मग स्टूल पायानं बाजूला सारून ती उभी राहिली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच निरोप तिचा स्वतःचा होता, आणि तो वळवायचं तिला काही कारण दिसेना.

"यंत्र खिडकीशी आहे तिथंच राहील. धाकटीनं केस कापलेत. ताई, तुझ्या अर्जावर मी सही करणार नाही. मधली फळी मी रिकामी केलीय, तिच्यावर बाबांची रिळं ठेवा. मी अजून एक वर्ष खेळणार आहे, गुरुवारी सकाळच्या गाडीनं जाते."